ताडोब्याला निघालात? मग लेन्स कोणती घ्याल?

मे महिन्यात चंद्रपूरला जायचे म्हटले, की घरातली वडील माणसे कपाळाला हात लावतात. त्यांचेही खरेच आहे म्हणा! पारा ४५ अंशांच्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण ताडोब्याचे जंगल पाहायला हेच दिवस चांगले. सागाची पाने गळून गेलेली असतात, नाले आटलेले असतात आणि जंगलातले लहानथोर सगळे चार पाणवठ्यांवर येते. आपल्या नळाच्या वेळेला कसे सगळे आळीतले लोक भेटतात ना, तस्सेच!

नागपूरहून चंद्रपूर साधारण १५० किलोमीटर, आणि तिथून मोहर्लीचे फाटक तीसेक किलोमीटर. तारू नावाच्या देवावरून ताडोबा हे नाव पडले. १९५५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले सर्वांत जुने. पुढे १९९५ साली अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. पहाटे आणि दुपारी उघड्या जिप्सीतून फेरी असते. वाघाखेरीज गवे, अस्वले, रानकुत्री, सांबरे आणि तळ्यातल्या मगरीही दिसतात. मात्र गाभ्याच्या भागात मोबाइल वापरायला मनाई आहे. म्हणजे फोटो काढायचा तर कॅमेराच हवा. आणि कॅमेरा म्हटला, की मग लेन्सचा प्रश्न आलाच.

आमच्या थोरल्या वन्संना हा प्रश्न पडला तो गेल्या वर्षी. मुलगा परदेशी जाताना आपला कॅमेरा आणि ७०-३०० ची छोटी झूम लेन्स घरी ठेवून गेला. अंगणातले बुलबुल टिपता टिपता वन्संना छंदच लागला. शिवणाच्या क्लासमधून बाजूला टाकलेल्या पैशांची पोस्टातली आर. डी. संपत आली होती. घरात जो तो सल्ला देई, "घ्यायची तर ६०० पर्यंतचीच घे, पुन्हा पुन्हा घेणं होत नाही." वन्संचे यजमान म्हणाले, "या वयात कशाला तो खर्च?" वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, पैसे माझे आहेत गं, पण एकदाच मिळणार आहेत. चुकायला नको."

तर मैत्रिणींनो, आधी हे आकडे म्हणजे काय ते पाहू. लेन्सवर ७०-३०० किंवा १५०-६०० असे मिलिमीटर लिहिलेले असतात. लहान आकड्याला जास्त परिसर मावतो, मोठ्या आकड्याला लांबचे जवळ दिसते. झूम लेन्समध्ये कडे फिरवले, की एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत जाता येते. जिप्सीतून खाली उतरायला बंदी असते. चार पावले पुढेमागे होणे आपल्या हाती नाही. ते काम हे कडे करते, म्हणून जंगलात झूमच सोयीची.

आता थोडा हिशेब करू. हौशी लोकांच्या पुष्कळशा कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंदीचा. अशा कॅमेऱ्याला ६०० ची लेन्स लावून २० मीटरवर रोखली, तर फोटोत जेमतेम पाऊण मीटर रुंदी मावते. मोठा नर वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन-तीन मीटर! म्हणजे हाती काय लागणार? दोन पट्टे आणि एक कान. १०० वर त्याच अंतराला पावणेपाच मीटर मावतात. अख्खा वाघ येतो, शिवाय मागचे बांबूचे बेटही येते. ताडोब्यात वाघ पुष्कळदा रस्त्यावरूनच चालत येतो, तेव्हा हा लहान आकडाच कामाचा.

पाखरांचे मात्र उलटे. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटर. तो २० मीटरवर बसला असेल तर ३०० च्या लेन्सने फोटोच्या रुंदीचा नववा भाग व्यापतो, ६०० ने जवळजवळ पाचवा. ज्यांना पाखरांचेच वेड आहे त्यांनी मोठ्या आकड्याकडे जावे. वाघ, गवे, हरणे हवी असतील तर ४०० पुष्कळ झाले. तेव्हा दुकानात जाण्याआधी ठरवा, आपल्याला भेटायचे कोणाला?

दुसरी गोष्ट उजेडाची. जनावरे हिंडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि बांबूखाली तर तेव्हा अंधारच असतो. लेन्सवर एफ ५.६, एफ ६.३, एफ ८ असे लिहिलेले असते. हा आकडा जितका लहान तितका उजेड आत जास्त. एफ ८ मधून एफ ५.६ च्या निम्माच उजेड येतो. वजनाला हलक्या आणि किमतीला परवडणाऱ्या काही लेन्स शेवटच्या टोकाला एफ ८ वर जातात. उन्हात त्यांचे काही अडत नाही, पण पहाटे अडते. विक्रेता सांगतो, "ताई, यात हात हलला तरी चालतो, आत सोय आहे." सोय असते हे खरे. पण तिने आपल्या हाताची थरथर सावरते, पळणारे हरीण थांबत नाही! त्याला वेगवान शटरच हवे, आणि त्यासाठी उजेड हवा.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि ती सांगायला दुकानातले लोक विसरतात. १५०-६०० च्या लेन्स साधारण दोन किलोंच्या असतात. दोन किलोंची पिशवी मंडईतून आणणे वेगळे आणि तीच डोळ्यासमोर धरून अर्धा तास बसणे वेगळे. वन्संची मनगटे वर्षानुवर्षे मशीन आणि कात्री चालवून दुखरी झालेली. म्हणून आम्ही विकत काही न घेता नागपुरात तीन दिवसांसाठी एक मोठी लेन्स भाड्याने घेतली. मुलाची छोटी लेन्स होतीच.

पहिल्या दिवशी पाणवठ्यावर वाघीण आली, पाठमोरी होऊन पाण्यात बसली आणि वीस मिनिटे हलली नाही. तेव्हा मोठ्या लेन्सने सुरेख फोटो आले. पण परतताना रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला, आणि वन्संनी ते धूड मांडीवरून उचलेपर्यंत शेवटचे शेपूटही झाडीत गेले. दुसऱ्या दिवशी छोटी लेन्स लावली. रस्त्यावरचे गवे झकास मिळाले, पण झाडावरचा सर्पगरुड ठिपक्याएवढा आला.

घरी आल्यावर वन्संनी जे केले ते मला फार आवडले. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला हे कॅमेरा स्वतःच नोंदवून ठेवतो. वन्संनी क्लासची वही घेतली, रकाने आखले आणि आवडलेल्या फोटोंची नोंद केली. बहुतेक सारे १०० आणि ४०० च्या मध्ये! ४०० च्या पुढचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वही पाहून यजमानांचाही विरोध मावळला. वन्संनी सव्वा किलोच्या आतली १००-४०० घेतली, तीही वापरलेली. आर. डी.तले पैसे उरले ते पुढच्या फेरीसाठी पुन्हा पोस्टात गेले.

वापरलेली लेन्स घेताना टॉर्च लावून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी, ती लेन्स घेऊ नका. कडे फिरवताना खरखर होता कामा नये. आपल्याच कॅमेऱ्याला लावून दहा-वीस फोटो काढून बघा.

आता थोडे घरचे उपाय. जिप्सीत सहाजण बसतात, तिथे तिपाई मांडता येत नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापून दोन्ही तोंडे शिवा आणि एका बाजूला चेन लावा. प्रवासात ही पिशवी रिकामी न्यावी आणि मुक्कामी तांदूळ किंवा वाटाणे भरावेत. जिप्सीच्या दांडीवर ती ठेवून वर लेन्स टेकवली, की हात दुखत नाहीत. फुफाट्यापासून जपायला सुती उशीचा अभ्रा लेन्सवर घाला, आणि धुळीत लेन्स बदलू नका. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पापडांना आपण जपतो तसेच हिला जपायचे.

उन्हे चढली, की जमिनीवरून झळा उठतात आणि लांबचे फोटो थरथरलेले येतात. तिथे लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. त्या वेळी कॅमेरा झाकून ठेवावा आणि नुसते पाहावे. आणि लांबच्या लेन्सवाचूनही मोठे काम होते बरं का! पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांनी भंडारदऱ्याजवळ टिपलेल्या काजव्यांनी भरलेल्या झाडाच्या फोटोला २०२० साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत गौरव मिळाला.

जायचे ठरवलेत तर फेरीचे आरक्षण आधी करा. मंगळवारी गाभा बंद असतो, पावसाळ्यातही तो बंद ठेवतात. कॅमेऱ्याच्या शुल्काची चौकशी आरक्षणाच्या वेळीच करून ठेवा. पाण्याच्या दोन बाटल्या, डोक्याला सुती रुमाल आणि अंगात मातकट रंगाचे कपडे असू द्या. आणि बॅटरी आदल्या रात्री आठवणीने चार्जिंगला लावा.