तीन किलोवॅटमधला संसार

इटलीतील लुक्का शहरात भाड्याच्या सदनिकेला बहुधा तीन किलोवॅटची वीजजोडणी असते. अमेरिकेतून निवृत्तीनंतर येथे राहायला आलेल्या जोडप्याने हा आकडा विजेच्या बिलावर पाहिलेला असतो, पण त्याचा अर्थ कळतो तो एखाद्या रविवारी. ओव्हनमध्ये कोंबडी भाजत असते, वॉशिंग मशीनमध्ये चादरी फिरत असतात, त्यात कोणी हेअर ड्रायर लावतो आणि सगळे घर बंद पडते. मीटर तळमजल्यावर, जिन्याखालच्या खणात. शहराच्या तटबंदीच्या आतल्या जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच, त्यामुळे चौथ्या मजल्यावरून अंधारात उतरायचे, खटका वर करायचा आणि पुन्हा चढून यायचे. घरमालकाला फोन केला तर तो शांतपणे विचारतो, एकाच वेळी काय काय लावले होते?

हिशेब सरळ आहे. ओव्हन तापताना दोन ते अडीच किलोवॅट ओढतो. इटालियन वॉशिंग मशीन थंड पाणी घेऊन ते स्वतः तापवते, त्या वेळी तिला सुमारे दोन किलोवॅट लागतात. हेअर ड्रायर दीड ते दोन. मीटर मंजूर भाराच्या दहा टक्के वर, म्हणजे ३.३ किलोवॅटपर्यंत, चालू देते. त्याहून थोडी जास्त ओढ झाली तर काही काळ सोसते, फार झाली की काही मिनिटांत पुरवठा तोडते. इटलीत दूरवरून वाचता येणारी डिजिटल मीटर २००१ पासून बसू लागली. त्यामुळे जुने, ढिले मीटर काणाडोळा करील ही आशा आता उरलेली नाही.

अमेरिकन घराची जोडणी साधारणपणे २४० व्होल्टवर १०० ते २०० अँपिअरची असते. म्हणजे २४ ते ४८ किलोवॅट. तेथील कपडे वाळवण्याचे विजेचे यंत्र स्वतंत्र तारेवर चालते आणि एकटेच पाच किलोवॅट घेते. पाणी तापवण्याच्या टाकीला साडेचार लागतात. यांपैकी कोणतीही एक वस्तू लुक्कातील आख्ख्या घराच्या मंजूर भारात मावत नाही. एका वेळी काय काय चालू आहे हा प्रश्न मेरिलँड किंवा ओहायोतल्या संसारात चाळीस वर्षांत एकदाही पडलेला नसतो. तेथे सरासरी घर वर्षाला साडेदहा हजार युनिटांच्या आसपास वीज वापरते. इटलीच्या वीज नियामकाने नमुन्यादाखल वर्षानुवर्षे जे कुटुंब धरले त्याचा वापर २,७०० युनिट आणि मंजूर भार तीन किलोवॅट. दोन्ही घरांत दिवे, फ्रीज, टीव्ही सारखेच असतात. फरक पाण्याच्या टाकीचा, ड्रायरचा आणि घरभर फिरणाऱ्या थंड हवेचा आहे.

मराठी वाचकाला ही व्यवस्था समजून घ्यायला नळाचे पाणी आठवले तरी पुरे. ज्या गावात सकाळी तास-दीड तास पाणी येते त्या गावातील घर नळाभोवती रचलेले असते. आधी प्यायची कळशी, मग स्वयंपाकघरातला हंडा, मग न्हाणीतले पिंप, त्यानंतर धुणे आणि भांडी. कोणी उठायचे, कोणी नळी धरायची, शेजारच्यांनी मोटार लावली की आपली धार किती बारीक होते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पाहुणे यायचे असतील तर आदल्या दिवशी जास्तीचे पिंप भरून ठेवले जाते. हे शिकवावे लागत नाही आणि त्याला कोणी काटकसर म्हणत नाही, ते घर चालवणेच असते. लुक्कातील गृहिणी विजेच्या बाबतीत नेमके असे वागते. ओव्हन बंद झाल्यावर ती वॉशिंग मशीनचे बटण दाबते, केस वाळवायचे असतील तर पाण्याची किटली थांबवते, आणि यात आपण काही वेगळे करतो असे तिला वाटत नाही. नळाला मर्यादा वेळेची असते, विजेला धारेची. वीज चोवीस तास आहे, पण ती जाड धारेने येत नाही. तुलनेला आणखी एक कड आहे आणि ती सोडून देता येत नाही. नळाच्या वेळापत्रकाचे ओझे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी वाहिले, पहाटेची झोप त्यांचीच मोडली. इटलीतही ओव्हन आणि वॉशिंग मशीन यांची पाळी लावण्याचे काम बहुतेक घरांत बाईकडेच असते. निवृत्त अमेरिकन जोडप्यात दोघेही दिवसभर घरी असतात, म्हणून ही शिस्त दोघांना सारखी शिकता येते. आणि ज्या घरात दोघे ती शिकतात तेथे तिचा त्रास लवकर संपतो. अर्थात नळाला तासभर पाणी येणे हे नगरपालिकेचे अपयश असते. तीन किलोवॅट हा कराराचा भाग आहे, तो वाढवता येतो.

मर्यादा इतकी कमी का, याचे उत्तर देशाच्या इतिहासात आहे. इटलीकडे कोळसा जवळजवळ नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिची बहुतेक वीज डोंगरातल्या पाण्यापासून होत असे. लुक्काच्या उत्तरेला सेर्कियो नदीच्या खोऱ्यात वाल्यी गावाजवळचे धरण त्याच परंपरेतले. फाब्रिके दि कारेज्जीने नावाचे आख्खे खेडे त्याच्या पाण्याखाली गेले आहे. १९४४ मध्ये लोदीजवळच्या काव्यागा येथे नैसर्गिक वायू सापडला आणि सरकारी तेलकंपनीचे प्रमुख एन्रिको मात्तेई यांच्या नेतृत्वाखाली तो वायू देशभर खेळवला गेला. स्वयंपाक आणि घर तापवणे ही दोन्ही कामे त्यामुळे गॅसवर गेली, विजेकडे दिवे आणि लहान यंत्रे राहिली. डिसेंबर १९६२ च्या कायद्याने वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊन एनेल हे सरकारी वीजमंडळ स्थापन झाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर घरगुती दर असे बेतले गेले की कमी भार आणि कमी वापर असलेल्या घराला वीज स्वस्त पडावी, आणि तीन किलोवॅट हीच सर्वसाधारण घराची पायरी होऊन बसली. चेर्नोबिलनंतर १९८७ च्या सार्वमतात लोकांनी अणुवीज नाकारली. १९९० मध्ये शेवटची अणुकेंद्रे बंद झाली आणि २०११ मध्ये पुन्हा तोच कौल मिळाला. देश विजेचा काही भाग शेजाऱ्यांकडून विकत घेतो. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधील एक वाहिनी झाडाशी ठिणगी उडून बंद पडली आणि जवळजवळ सारी इटली अंधारात गेली. हा इतिहास माहीत असलेल्या माणसाला जिन्याखालचा खटका आडमुठा वाटत नाही.

घर तापवणे गॅसवर असले तरी तेही मनाप्रमाणे होत नाही. १९९३ च्या एका हुकुमाने देशाचे सहा हवामान विभाग पाडले. लुक्का ‘डी’ विभागात येते. येथे घर १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळातच, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास आणि वीस अंशांच्या आसपासच तापवायचे. मिलान ‘ई’ विभागात असल्याने तेथे १५ ऑक्टोबरपासून चौदा तास मिळतात. पालेर्मोला चार महिने आणि आठ तास. २०२२ च्या हिवाळ्यात रशियन वायू आटल्यावर हे दिवस आणि तास आणखी घटले, तापमानही एक अंशाने उतरले. थर्मोस्टॅटवर बोट ठेवले की घर तापते अशी सवय असलेल्यांना ऑक्टोबरअखेरचे दोन-तीन थंड आठवडे फार लागतात. मग विजेचा हीटर आणला जातो, तो दोन किलोवॅटचा असतो, आणि गोष्ट पुन्हा जिन्याखालच्या मीटरपाशी येते. लोकरीची बंडी आणि जाड पायमोजे हा येथील जुन्या रहिवाशांचा उपाय आहे, आणि तो चांगला आहे.

कपडे वाळवण्याला घडीचा स्टँड किंवा खिडकीबाहेरची दोरी. लुक्का पावसाळी आहे. नोव्हेंबरात चादरी दोन दिवस ओल्या राहतात. उष्णता-पंपावर चालणारा ड्रायर एक किलोवॅटच्या आत काम भागवतो. घेण्यासारखी वस्तू कोणती, तर ती हीच.

अमेरिकेतून आणलेल्या सामानाचे काय होते, तेही येथेच सांगायला हवे. तेथील वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इटलीची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हींवर चालतात. कणीक मळण्याचे जड यंत्र, कॉफीचे यंत्र, हेअर ड्रायर चालत नाहीत. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो ओट्यावर ठेवण्यासारखा नसतो. भारताची घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. त्यामुळे पुण्याहून आणलेला मिक्सर योग्य अडॅप्टर लावून येथे निर्धास्त चालतो आणि चटणी नेहमीसारखीच वाटली जाते. प्लगांचे प्रकार मात्र तीन आहेत: १० अँपिअरचा बारीक तीन काड्यांचा, १६ अँपिअरचा तसाच पण जाड, आणि जर्मन पद्धतीचा गोल. पूर्वी दिव्यांच्या विजेला एक दर आणि यंत्रांच्या विजेला दुसरा असे, म्हणून दोन आकार पडले. दर एक झाले, भोके राहिली. भिंतीतील भोकापेक्षा प्लग मोठा निघाला तर अडॅप्टरवर अडॅप्टर चढवू नये. हीटर आणि ओव्हन अशा जोडणीवर लावणे धोक्याचे आहे. इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेट बदलून घेणे फार खर्चाचे नाही.

आता भार वाढवण्याविषयी. २०१७ पासून सहा किलोवॅटपर्यंत तो अर्ध्या-अर्ध्या किलोवॅटने वाढवता येतो. अर्ज वीज विकणाऱ्या कंपनीकडे करायचा. त्याला बिलावरचा ‘आयटी’ने सुरू होणारा पीओडी (जोडणीचा) क्रमांक, करक्रमांक आणि ज्याच्या नावावर करार आहे त्याची सही लागते. भाड्याच्या घरात करार घरमालकाच्या नावावर असेल तर त्याची सही घ्यावी लागते, किंवा आधी करार आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. डिजिटल मीटर असेल तर बदल दूरवरूनच होतो. एकरकमी शुल्काखेरीज प्रत्येक वाढीव किलोवॅटला वर्षाला वीसेक युरो स्थिर आकार पडतो. एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. ज्या घरात करारधारक नोंदणीकृत रहिवासी आहे आणि भार तीन किलोवॅटपर्यंत आहे, तेथे माफक वापर असल्यास महिन्याच्या पहिल्या १५० युनिटांवर उत्पादन शुल्क लागत नाही. भार तीनच्या वर गेला की ही सवलत जाते, म्हणजे वर्षाला चाळीसेक युरो. भार साडेचार किलोवॅट केला तर वर्षाचा जादा खर्च असा एकूण पाऊणशे युरोंच्या आसपास येतो. दोन वयस्क माणसांनी अंधाऱ्या जिन्यावरून उतरण्यापेक्षा तो द्यावा. इंडक्शन शेगडी आणि उन्हाळ्यातली वातानुकूलन यंत्रे असतील तर तो द्यावाच. सहा किलोवॅटची गरज मात्र दोघांच्या घराला क्वचितच असते, आणि जुन्या इमारतीतील तारा तो भार पेलतील का हे इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय त्या पायरीवर जाऊ नये.

नोंदणीकृत रहिवासी असणे बिलाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. नगरपालिकेच्या रहिवासी नोंदवहीत नाव चढेपर्यंत घर दुसरे घर धरले जाते, आणि त्याचे स्थिर आकार व कर जास्त असतात. नाव चढवण्याचा अर्ज दिला की नगरपालिकेचा पोलीस घरी येऊन माणसे खरोखर राहतात का ते पाहून जातो. त्यानंतर वीज कंपनीला वेगळे कळवावे लागते, दोन कार्यालये हे आपसांत सांगत नाहीत. रहिवासी झाल्यावर बिलात एक नवी ओळ दिसू लागते: सरकारी दूरचित्रवाणीची वर्गणी. २०१६ पासून ती विजेच्या बिलातूनच दहा हप्त्यांत वसूल होते, कारण राहत्या घरी वीज आहे तेथे टीव्ही आहे असे कायदा गृहीत धरतो. घरात टीव्ही नसेल तर तसे घोषणापत्र करखात्याकडे द्यावे लागते, आणि ते दर वर्षी नव्याने द्यावे लागते.

बिल रात्रीच्या विजेला वेगळा दर लावते की नाही, हे करारावर अवलंबून आहे. तीन पट्ट्यांचा करार असेल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी सात ही पहिली पट्टी. रोज रात्री अकरा ते सकाळी सात, तसेच रविवार आणि सुट्टीचा पूर्ण दिवस ही तिसरी. उरलेले तास दुसरे. पहिली पट्टी सर्वांत महाग असे पूर्वी ठाम सांगता येत असे. दुपारची सौर वीज वाढल्यापासून बाजारात संध्याकाळ महागते आहे, म्हणून करारातील आकडे पाहिल्याशिवाय धुणे रात्री अकरावर ढकलू नये. शिवाय त्या वेळी यंत्र चालवण्याला इमारतीच्या नियमांत मनाई असू शकते. धुण्याला रविवारची सकाळ चांगली, कोंबडी तेवढी दुपारी भाजावी.