दिवाळीआधीचं अंगण

पावसाळा सरता सरता गोदाकाठच्या पुणतांब्यातली अंगणं काळपट हिरवी दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती सिमेंटच्या फरसबंदी ब्लॉकच्या सांध्यांत घट्ट बसलेली असते, पन्हळीखाली शेवाळ धरलेलं असतं आणि म्हातारी माणसं उंबरा उतरताना भिंतीला हात लावतात. दिवाळी जवळ आली की खराटे निघतात, पण मुरलेलं शेवाळ खराट्याला दाद देत नाही. मग पेरू-डाळिंबाच्या फवारणीचा, जास्त दाबाचा एचटीपी पंप दारात येतो.

गनमधून धार सुटते. ती जिथून फिरते तिथं ब्लॉकचा मूळ तांबडा रंग पट्ट्यापट्ट्यानं उघडा पडत जातो, ओल्या मातीचा वास उठतो, पोरं तुषारांत भिजायला धावतात. मला हे पाहणं फार आवडतं. हे ब्लॉक सहजासहजी बसलेले नसतात. पिकाला भाव मिळाला त्या साली बसतात, नाही मिळाला तर अर्धं अंगण मातीचंच राहतं. १ जून २०१७च्या शेतकरी संपाची हाक ज्या गावातून गेली, तिथं दारापुढच्या फरशीत घरानं काढलेली बरीवाईट सालं वाचता येतात. म्हणून ती धुणारा हात जपून चालावा असं वाटतं.

जपायचं ते दाबाला. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. पंपाऐवजी घरगुती प्रेशर वॉशर आणला तर तो १०० बारच्या पुढे जातो. नोझल टेकवून धार मारली की सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर निघतो, आणि पुढच्या पावसात त्या खरबरीत जागी शेवाळ आणखी लवकर धरतं. एक वीत अंतर ठेवावं, धार तिरपी धरावी, चढाकडून उताराकडे जावं. सांध्यातली वाळू वाहून गेली तर कोरडी बारीक वाळू पुन्हा झाडून भरावी, नाहीतर ब्लॉक हलू लागतात. आणि ज्या पंपानं तणनाशक मारलं असेल, तो अंगणात आणूच नये. टाकी विसळली तरी नळीत अंश राहतो. तो तुळशीपर्यंत पोहोचतो, आणि त्याच तुषारांत पोरं उभी असतात.

पाण्याचं म्हणाल तर हा पर्जन्यछायेचा मुलूख. गोदावरी कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, याकडे सगळ्यांचे डोळे असतात. साधी नळी मिनिटाला १५ लिटर सहज ओतते, घरगुती वॉशर त्याच्या निम्म्यात काम करतो. तरीही आधी कोरडं झाडून घ्यावं, साबण टाळावा आणि उतार नारळाच्या आळ्याकडे काढावा. वर्षातून एकदा एवढं धुणं पुरे. रोजच्याला सडा आहेच. वसुबारसेला रांगोळी उमटायला अंगण स्वच्छ लागतं, कोरं करकरीत नव्हे.

हे सगळं मनात येतं ते नदीकडे जाताना. चांगदेव महाराजांची समाधी असलेलं हे गाव गोदेच्या काठावर आहे, आणि इथला एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला. त्या पायऱ्यांवरही शेवाळ धरतं, पूर ओसरला की गाळ बसतो. गावातल्या तरुणांच्या मनात घाट धुवायचं येतं, ते चांगलंच आहे. पण ब्लॉकच्या सांध्यात वाळू परत भरता येते. जुन्या दगडी बांधकामाच्या सांध्यातला चुना धारेनं उडाला की तो परत बसवणारे हात आता फार थोडे उरलेत. चुना गेला की सांध्यात पाणी शिरतं, मुळं शिरतात, आणि दगड सुटायला लागतो. तेव्हा मित्रांनो, घाटावर जाल तेव्हा पंप घरी ठेवा. बादल्या न्या, काथ्याचे नाहीतर मऊ ब्रश न्या, आणि चार माणसं जास्त न्या.