मुलगाच निवडून मिळेल म्हणे

केडगाव, ता. दौंड

चि. सौ. ताईस,



सासूबाई जवळ असल्यामुळे फोनवर तुला मोकळं बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. पुण्याच्या दवाखान्यात तुमची आयव्हीएफची तयारी चालू आहे आणि कुणी मध्यस्थ जावईबापूंना सांगतोय की, एम्ब्रियो तपासून मुलाचाच ठेवून देऊ. जावईबापूंचं म्हणणं असं की, यात गर्भ पाडायचा नाही, कुणाचा जीव घ्यायचा नाही, एक मुलगी आहेच, मग दुसरा मुलगा मागितला तर काय बिघडलं? ते मनाने वाईट नाहीत. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

भ्रूण पाच-सहा दिवसांचा झाला की त्याच्या बाहेरच्या थरातल्या थोड्या पेशी काढून गुणसूत्रं तपासतात. भ्रूण तपासून निवडण्याचं तंत्र पहिल्यांदा यशस्वी झालं लंडनमध्ये, 1990 साली. ज्या घरांत मुलग्यांना गंभीर आनुवंशिक आजार व्हायची भीती होती, त्यांच्यासाठी ते होतं. तिथं निवडले होते मुलींचे भ्रूण! आपल्या कायद्यातही अशा आजारासाठी तपासणीला वाट ठेवली आहे. पण तुमच्या दोन्ही घराण्यांत असा आजार नाही. तुमच्याकडे आजार म्हणून शोधायची आहे ती मुलगीच.

‘फॅमिली बॅलन्सिंग’ म्हणून जे जावईबापूंना सांगितलं गेलंय, तेच मागणं मुंबई उच्च न्यायालयात होऊन गेलं आहे. दोन मुली असलेल्या एका जोडप्याने म्हटलं, घरात समतोल हवा, गर्भधारणेआधी निवडू द्या. 2007 मध्ये न्यायालयाने ते साफ नाकारलं आणि लिंगनिवड हा स्त्रीत्वाचा अपमान आहे, असं म्हटलं. आपल्या महाराष्ट्राने 1988 सालीच, देशात सगळ्यांच्या आधी, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला होता. केंद्राचा 1994 चा. 2003 मध्ये त्यात गर्भधारणेपूर्वीची निवडही बंद झाली. पुढे 2021 चा आयव्हीएफ दवाखान्यांचा कायदा आला. लिंगनिवडीच्या सोयीची जाहिरात करणाऱ्याला त्यात पाच ते दहा वर्षं कैद किंवा दहा ते पंचवीस लाखांचा दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. तपासणी मागणारा नवराही 1994 च्या कायद्यात सुटत नाही, हे जावईबापूंना सांग.

पण मला कायद्याच्या भीतीपेक्षा तुझी काळजी जास्त आहे. इंजेक्शनं तुझ्या पोटावर टोचली जातात. एवढं सोसून हाती येतात मोजकेच भ्रूण, त्यातले साधारण निम्मे मुलींचे. ते नुसते मुलींचे म्हणून बाजूला काढले तर दिवस राहण्याची संधीच कमी होते. ज्या बाळासाठी हा सगळा खटाटोप, तेच हातचं जाईल. आणि ज्या तंत्राकडे मुलगा मागायचा, त्या तंत्राने आधी काय दिलं? 1978 मध्ये इंग्लंडात लुईस ब्राउन, त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्यायांच्या प्रयत्नांतून जन्मलेलं बाळ, मग 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून झालेलं. तिन्ही मुलीच!

सासूबाईंना सातबाऱ्याची चिंता आहे, ते मला कळतं. घोडनदीकाठची बागायत, ऊस, विहीर, मागे कोण? महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, 2005 पासून तो देशभर आहे. नात आहे म्हणजे वारस आहे. अडचण कायद्यात नाही, ती तिचं नाव लावायला न धजणाऱ्या हातात आहे.

आपल्या जिल्ह्याचं चित्र तुला माहीत असावं. 2001 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 902 मुली होत्या, 2011 मध्ये 883 उरल्या. निसर्गतः ही संख्या साडेनऊशेच्या आसपास असते. इथं उसाला पाणी आलं, दौंडला, शिरूरला सोनोग्राफी आली, रांजणगावला कारखाने आले आणि मुली कमी झाल्या. तिशी ओलांडलेल्या पोरांसाठी स्थळं शोधत फिरणारे बाप तुझ्याही गावात आहेत. दारिद्र्याने हे झालं असं कुणी म्हणू नये, पैसे मोजूनच झालं आहे.

इथं केडगावात पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात घरांनी टाकलेल्या, उपाशी मुली आणून ठेवल्या. त्या मुलींनी रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना चालवला, माग चालवले. मी जाता-येता ते आवार बघते आणि वाटतं, दुष्काळाने टाकलेल्या मुलींना तरी कुणी शोधायला गेलं. प्रयोगशाळेच्या बशीत बाजूला काढलेल्या मुलींना शोधायला कुणी जाणार नाही. तुझी लेक मोठी होऊन हे ऐकेल तेव्हा तिला काय कळेल? की आपण असतानाही घर अपुरं होतं, आणि आपल्यासारखी दुसरी येऊ नये म्हणून आईबापांनी पैसे भरले.

डॉक्टरांना तुझ्या तोंडाने सांग, जो भ्रूण सुदृढ असेल तो ठेवा, बाकी काही विचारायचं नाही. हे पत्र जावईबापूंना वाचायला दे. आणि त्या मध्यस्थाचा नंबर मला पाठव. पुणे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार मी देईन, तुझं नाव त्यात घालणार नाही.

तुझी,
आत्या