हाफ नट उघडला त्या संध्याकाळी

फुलचूरच्या आमच्या वर्कशॉपमधला लेथ जुना, पट्ट्यावर चालणारा. लीड स्क्रू इंची, इंचाला ४ आटे. वडिलांच्या हाताखाली मी त्यावर ८ आट्यांचे बोल्ट इतके केले होते, की टूलचा गाडा लीड स्क्रूला जोडणारा हाफ नट कुठेही टाकला तरी टूल जुन्याच खाचेत बसणार, हे हाताला पाठ होते. ८ला ४ने भाग जातो म्हणून ते बसायचे. हे कारण मी कधी विचारलेच नाही.

मग गोंदियाच्या एका राइस मिलचा शाफ्ट आला. दोन्ही टोकांना लॉकनटसाठी ४० मिलिमीटर व्यासावर दीड मिलिमीटर पिचचे आटे हवे होते. इंची लेथवर मेट्रिक आट्यांना १२७ दात्यांचे चाक लागते; इंच २५.४ मिलिमीटरचा, त्याची पाचपट १२७. वर ३० दात्यांचे चाक, लीड स्क्रूवर १२७चे. हिशेब चोख होता. वडिलांनी बजावले होते, "हाफ नट उघडू नको, पट्टा उलटा करूनच मागं आण."

एक टोक तसेच केले. दुसऱ्याला संध्याकाळ झाली, उलट्या फेऱ्यांचा कंटाळा आला आणि मी हाफ नट उघडला. लीड स्क्रूचा एक आटा ६.३५ मिलिमीटरचा, त्यात दीडचे चार बसून ०.३५ उरतात. तेवढेच टूल सरकले आणि तयार आट्यांची एक बाजू खाऊन गेले.

खरा गुन्हा त्यानंतरचा. मी त्रिकोणी कानशीने कडा साफ केल्या. नट सैल फिरतोय हे बोटांना कळत होते. तरी वडिलांना काही न सांगता शाफ्ट देऊन टाकला.

नव्या धानाच्या हंगामात आठ दिवसांत ते आटे छाटून निघाले, नट सुटला, बेअरिंग गेले. मी पोचलो तेव्हा फाटकाबाहेर पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर उभे होते, आणि नट नीट आवळला नाही म्हणून मालक फिटरला बोलत होते. तो मान खाली घालून ऐकत होता. तेव्हा मी सगळे सांगितले.

मालकांनी एवढेच विचारले, "दुसरं टोकही तूच केलं नं?"

ते टोक बरोबर होते, पण माझ्या शब्दावर त्यांनी का विसंबावे? त्यांच्यासमोर नट खोलून आटे दाखवले. रात्री नवा शाफ्ट घेतला; पट्टा उलटवायला वडील स्वतः उभे राहिले. सकाळी मिलमध्ये पहिला नट मी चढवला नाही. फिटरच्या हाती दिला आणि तो फिरवून पाहीपर्यंत थांबलो.