आखूड घ्यावी की लांब?

केळीचे घड उतरून गेले, हातात चार पैसे आले, की घरात गाडीचा विषय निघतो. आमच्या रावेर तालुक्यातच नव्हे, पार धुळे-शिंदखेड्यापर्यंत हे आता घरोघर चालते. यंदा आमच्याकडेही तो निघाला. गाडी घ्यायची हे ठरले, रंगही ठरला. अडले ते एकाच गोष्टीवर: आखूड घ्यावी की लांब? उद्या तुमच्याही घरी हाच प्रश्न येईल, म्हणून आमच्याकडे काय घडले ते सांगतो.

मुलगा म्हणाला, "नाना, थार घेऊ." थार ही आखूड गाडी; तिचे आजचे रूप २०२० साली आले. तिचीच लांब बहीण थार रॉक्स, ती १५ ऑगस्ट २०२४ रोजी आली. दोन्ही महिंद्राच्याच. पुढच्या चाकाच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे जे अंतर, त्याला व्हीलबेस म्हणतात. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, रॉक्सचा २८५०. फरक ४०० मिलिमीटर, म्हणजे हातभराहून थोडा कमी. एवढ्याने काय बिघडते, असे मलाही वाटले होते.

पण जरा विचार करा. बैलगाडीला आस एकच, म्हणून ती जागच्या जागी फिरते. मोटारीला आस दोन. चाके तेवढीच वळवली, तर व्हीलबेस जितका लांब तितका वळणाचा घेर मोठा. वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आत येते आणि बांधाचा कोपरा तोडते. उंच बांध ओलांडताना लांब गाडीचे पोट टेकण्याचीही भीती. मळ्यात हिंडणाऱ्याला आखूड गाडी सोयीची, ती यासाठीच.

आता दुसरी बाजू पाहा. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून जळगावहून धुळ्याला गेलेल्या माणसाला ती समजावून सांगायला नको. मागच्या चाकाच्या मागे बसलेला खड्ड्यागणिक उडतो, आणि दोन्ही चाकांच्या मधोमध बसलेल्याला पारोळ्याच्या आधीच डुलकी लागते. आखूड गाडी खड्ड्यात पुढे-मागे जास्त झुलते, लांब गाडी कमी झुलते. मागच्यांना पाय सोडायला जागाही मिळते. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीजची ई-क्लास नावाची मोटार बनते. ती २०१७ पासून आपल्या देशात लांब व्हीलबेसची मिळू लागली, साध्या गाडीपेक्षा १४० मिलिमीटरने लांब. असल्या गाडीचा मालक मागे बसतो आणि पुढे ड्रायव्हर असतो, म्हणून जास्तीची सगळी जागा मागच्या बाकाला दिलेली.

म्हणजे गाडी घेताना पहिला प्रश्न हा, की मागे कोण बसणार. आमच्या घरी हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी कोणी विचारलाच नाही.

१९८४ साली आमच्या आबांनी एक जुनी जीप घेतली. मूळची जीप दुसऱ्या महायुद्धातली, तिचा व्हीलबेस अवघा ८० इंच. मुंबईत महिंद्राने जीपा जोडायला सुरुवात केली, आणि पुढे लांब व्हीलबेसच्याही निघाल्या. आबांना दोन्ही दाखवल्या होत्या. त्यांनी आखूड निवडली. केळीच्या बागेतल्या अरुंद वाटेवर ती एका दमात वळायची आणि घरासमोरच्या बोळातही शिरायची. आबा पुढे बसत, मी चालवी. आम्हा दोघांची काहीच तक्रार नव्हती.

१९८६ च्या श्रावणात आमच्या मंडळींना अवेळी कळा सुरू झाल्या. रात्रीची वेळ, पाऊस धो धो. सावद्यावरून भुसावळ गाठायचे होते. जीपच्या मागे दोन्ही बाजूंना आडवे बाक, बरोबर चाकांवर. आडवे निजायला जागा नाही. माझ्या आईने तिला मांडीशी धरले आणि ती तशीच मुडपून बसली. प्रत्येक खड्ड्याला तिचा आवाज येई आणि मी गाडी आणखी हळू करी. हळू केली तर उशीर होणार, जोरात नेली तर तिला सोसणार नाही. असा तो रस्ता काही केल्या सरेना. देवाची कृपा, मुलगा सुखरूप झाला. पण ती त्यानंतर जीपच्या मागच्या बाकावर कधी बसली नाही. माहेरी जायची तर एस.टी.ने जायची. दोष गाडीचा नव्हता. गाडी ज्या कामासाठी घेतली ते काम ती चोख करत होती. निवडताना आम्ही फक्त स्वतःचा विचार केला होता.

तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे, आणि आखूड गाडी त्यालाच हवी होती. आम्ही सगळे जळगावला गाड्या पाहायला गेलो. आखूड गाडीत मागे जायचे तर पुढची सीट दुमडून आत शिरावे लागते. मंडळींचे गुडघे धरलेले. तिने एकदा पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

मुलगा म्हणाला, "आई, तू पुढेच बसत जा."

ती म्हणाली, "मी पुढे बसेन रे. पण मग मागे तुझी बायको बसेल ना? मी बसले होते तशी."

तो काही बोलला नाही. ती रात्र त्याने आजीच्या तोंडून ऐकली होती. थोड्या वेळाने त्यानेच लांब गाडीचे मागचे दार उघडले आणि आईला हात दिला.

मंडळी, एवढ्यावर प्रश्न सुटला नाही. लांब गाडीला पैसे जास्त पडले. घरी येऊन दोरीने बोळ मोजला, तर वळणावर आमचा ओटा आडवा येतो. याच ओट्यावर बसून आबा संध्याकाळी माणसांचा हिशेब करत. त्याचा कोपरा तोडावा लागणार. मी दोन दिवस गवंड्याला निरोप धाडला नाही. शेवटी मंडळी म्हणाल्या, "अहो, आबा असते तर त्यांनाही आता मागे बसूनच दवाखान्यात जावं लागलं असतं." तिसऱ्या दिवशी गवंडी आला. मळ्यात शेवटच्या वळणावर आता गाडी दोनदा मागे-पुढे घ्यावी लागेल. तेवढे करू.

माझे सांगणे इतकेच. घरात दोघेच असाल आणि गाडी मळ्यातच फिरवायची असेल, तर खुशाल आखूड घ्या. नाही तर गाडी पाहायला जाताना घरातली म्हातारी माणसे, सुना, लेकरे सगळ्यांना न्या. त्यांना मागे बसवा आणि गाडी चांगल्या सडकेवर नव्हे, खराब रस्त्यावर चालवून पाहा. तुम्ही स्वतःही एकदा मागे बसा. निघण्याआधी बोळ आणि फाटक दोरीने मोजून ठेवा. मग काय ते ठरवा.