बंद कॅमेऱ्यांची गल्ली

चांदनी चौक म्हटले की परांठे, जिलबी आणि लग्नाच्या साड्या एवढेच दिल्लीला जाणाऱ्या मराठी पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे येते. पण शहाजहानच्या काळात, १६५० च्या सुमारास, शहजादी जहाँआराने वसवलेल्या या बाजारात आजही मालागणिक गल्ली वेगळी. विजेचे सामान हवे तर भागीरथ पॅलेस, जरी-गोटा हवा तर किनारी बाजार आणि कॅमेरा हवा तर कूचा चौधरी. ‘कूचा’ म्हणजे गल्लीच! दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागेल अशा या बोळात लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत.

नवा कॅमेरा घेणाऱ्यांइतकेच इथे जुना, रुसलेला कॅमेरा घेऊन येणारेही असतात. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले होते. मग मोबाइल आला आणि खिशात मावणारे ते छोटे कॅमेरे कपाटात गेले. आता कॉलेजातली मुले हौसेने ते बाहेर काढतात, बटन दाबतात आणि काहीच होत नाही.

काही घरांत मात्र मामला हौसेपुरता नसतो. पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांच्या पोटातच थोडीशी मेमरी असते. घाईत कार्ड न घालता फोटो काढले तर ते तिथेच राहतात. दरम्यान घरातले एखादे माणूस गेलेले असते, त्याचे शेवटच्या सहलीचे दहा-पंधरा फोटो आत अडकलेले असतात आणि कॅमेरा चालू झाल्याशिवाय ते बाहेर काढणे जवळजवळ अशक्य. अशा वेळी कोणी ‘फेकून द्या, नवा घ्या’ म्हणाले तर ते ऐकू नये.

चांगला कारागीर आधी स्क्रूड्रायव्हर उचलत नाही. तो त्याच जातीची, चालू असलेली दुसरी बॅटरी घालून बघतो. जुनी लिथियम बॅटरी फसवी असते. मीटरवर ३.७ व्होल्ट दाखवते, पण लेन्सची मोटर फिरू लागताच तिचा दम संपतो. म्हणूनच लेन्स अर्धवट बाहेर येते आणि कॅमेरा मिटतो. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचेही तेच. घड्याळात घालतो ते साधे स्वस्त सेल इथे चालतच नाहीत. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असले तरी मोटरला लागणारा जोर तेच नीट पुरवतात.

दुसरी पाळी बॅटरीच्या खणाची. सेल वर्षानुवर्षे आत राहिले की पाझरतात आणि पत्र्यांवर पांढरी-हिरवी पूड धरते. सेल काढून, कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून ती पुसावी, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्यावे. एवढे घरीही जमते. नुसता काळेपणा असेल तर शाळेतले खोडरबरही पुरते.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पुष्कळ कॅमेऱ्यांत बॅटरीच्या झाकणावर प्लॅस्टिकचा एक इवलासा दात असतो. झाकण लागले की तो आतली कळ दाबतो. दात मोडला की झाकण उघडेच आहे अशी कॅमेऱ्याची समजूत होते आणि बॅटरी भरलेली असूनही तो हूं की चूं करीत नाही. खराब कार्डामुळेही काही कॅमेरे अडून बसतात, तेव्हा कार्ड काढून एकदा बघावे. दर वेळी तारीख विचारली जाते, हा तर बिघाडच म्हणता येणार नाही. आतला घड्याळाचा छोटा सेल उतरलेला असतो. पुष्कळ मॉडेलमध्ये भरलेली बॅटरी दिवसभर आत ठेवली की तो पुन्हा भरतो, काहींत बदलावा लागतो.

एवढे सगळे तपासण्याआधीच कोणी ‘बोर्ड गेला’ म्हणून मोठा आकडा सांगू लागला, तर सरळ पुढच्या दुकानाची पायरी चढावी. कॅमेरा चालू झाला की मात्र तिथेच काउंटरवर कार्ड घालून, मेनूतून आतले फोटो त्यावर उतरवून घ्यावेत. पुन्हा तो चालू होईलच याची हमी कारागीरही देत नाही!

दोन गोष्टींत हयगय नको. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्जही करू नये. ती ई-कचऱ्यातच द्यावी. आणि फ्लॅश असलेला कॅमेरा घरी उघडू नये. बॅटरी काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

जायला मेट्रो उत्तम. चांदनी चौक किंवा लाल किल्ला, दोन्ही स्थानके सोयीची. २०२१ पासून मुख्य रस्ता दिवसा मोटारींना बंद असल्याने चालणे सुसह्य झाले आहे. रविवार टाळावा आणि कॅमेऱ्याबरोबर त्याचा चार्जरही न विसरता न्यावा, कारण कधी कधी दोष चार्जरचाच निघतो. विमानाने परतणार असाल तर सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवावी, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही.