तमाखू मागणारा सोबती

ग्वारीघाटावर आरतीची गर्दी वाढली की परिक्रमावासी पायऱ्यांच्या कडेला सरकून बसतात. काठी, कमंडलू, मळकट पांढरे कपडे. कोण कुठला हे विचारायच्या आत शेजारचा फुटाण्यांची पुडी पुढे करतो, आणि ‘नर्मदे हर’ म्हणत आपणही मूठभर घेतो. अनोळखी माणसाच्या हातचं असं निर्धास्त खाणं, तेही जबलपुरात! मला ठग आठवल्यावाचून राहत नाहीत.

याच शहरात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने वाटसरूंना लुटून मारणाऱ्या ठगांच्या जबान्या घेतल्या आणि १८३६ साली त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोशच छापला. ठगांची खरी करामत गळा आवळणाऱ्या रुमालात नव्हती, सोबतीत होती. रजेवर घरी निघालेला शिपाई, सावकाराचा ऐवज नेणारी माणसं, यांच्याबरोबर ते दिवसच्या दिवस चालत, एकाच मुक्कामाला उतरत, गप्पा मारत. मग कुणीतरी तमाखू मागे. तो गळा आवळण्याचा इशारा असे.

लखनौला कॅप्टन पेटनने कैदेतल्या ठगांना बोलतं केलं. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे खून जलरंगात काढले गेले. चित्रकार देशीच, पण त्याचं नाव काही आपल्यापर्यंत आलेलं नाही. चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातलं एक मी पुन्हा पुन्हा बघते. एकाने वाटसरूचे हात धरलेत, दुसऱ्याने पाय, तिसरा मागून रुमाल आवळतोय. सगळं कसं नीटस, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखं. मेलेला सांगणार कुठून? त्याची शेवटची तडफड आपल्यापर्यंत येते तीही मारणाऱ्याच्याच आठवणीतून.

मारणाऱ्यांचं मात्र भलं झालं. मेडोज टेलरने १८३९ साली कादंबरीत अमीर अली नावाच्या ठगाला आत्मकथा सांगायला बसवलं आणि विलायतेत ती हातोहात वाचली गेली. बेहराम नावाचा ठग ९३१ खुनांचा धनी म्हणून मिरवला. पेटनच्या कागदांत स्वतःच्या हातचे तो १२५ च्या आसपास सांगतो. पुढे सिनेमे आलेच. ठगी किती खरी आणि किती साहेबांनी फुगवलेली, यावर इतिहासकार अजून भांडतात. १८३६ च्या कायद्याने तर टोळीत असणं एवढंच जन्मठेपेला पुरेसं ठरवलं. माफीचे साक्षीदार झालेल्यांना जबलपूरच्या कारखान्यात गालिचे विणायला आणि तंबू शिवायला बसवलं. प्रवाशांच्या निवाऱ्याची सोय ठगांच्या हातून, हा विनोद कुणाला सुचला असेल कोण जाणे.

पेटनच्या संग्रहात आणखी एक चित्र आहे. त्यात खून अजून व्हायचाय, वाटसरूला नुसतं बोलण्यात गुंतवलंय. मला आवळलेल्या रुमालापेक्षा याचीच भीती जास्त वाटते. बोलणं काय चाललं असेल? बहुतेक त्याच्या घराचंच. गाव किती लांब राहिलं, पोरं केवढी झाली, असलंच काहीतरी. आणि तोही खुशीत येऊन सांगत असेल.